पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी

सुखदा मूळची नागपूरची. अकोल्याला शेतीची पदवी घेतली, पुढे पिकांच्या शरीरक्रियेवर एम.एस्सी. केलं आणि लग्नानंतर शार्दूलच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागोमाग बंगळूरला आली. बनशंकरीत भाड्याचा फ्लॅट घेतला. या शहरात तिच्या शिक्षणाचं काय करायचं हे बरेच दिवस कुणालाच कळेना, तिलाही नाही. शेवटी राजाजीनगरात एका छोट्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. खाली मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, वर दोन खोल्या आणि गच्चीवर कुंड्या, एवढीच ती प्रयोगशाळा. ती चालवायच्या चंदना मॅडम. कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता. समुद्रातल्या शेवाळाचा अर्क काढायचा आणि तो पिकांवर फवारायचा. हे खत नव्हे, कीड मारायचं औषधही नव्हे. ऊन, पाण्याची ओढ, गरम वारा असले ताण पिकाला सोसता यावेत, म्हणून आधीच द्यायची ही तयारी.

गच्चीवरच्या कुंड्यांत अर्क चांगला चालला होता. पण कुंडीत चाललेलं शेतात चालेलच असं नाही. म्हणून कनकपुरा रस्त्याला, मेट्रो संपते तिथून पुढे बसने थोडं गेलं की लागणाऱ्या एका मळ्यात टोमॅटोवर चाचणी घ्यायचं ठरलं. मळा होता सकवारबाईंचा.

सकवारबाईंचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, पण तीत अर्ध्याला अर्ध कन्नड मिसळलेलं. त्यांना सगळे अक्का म्हणत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मुलगा यशोवर्धन बसवनगुडीत राहायचा आणि आईला तिकडे बोलवायचा. अक्का सणावाराला जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या. चारी बाजूंनी घरांच्या वसाहती उठल्या होत्या, मधे त्यांचा तेवढा मळा हिरवा उरला होता.

पहिल्या दिवशी सुखदाने कामचलाऊ हिंदीत बोलायला सुरुवात केली, तशा अक्का हसल्या.

"मराठीत बोल की. नागपूरची ना तू? तुझी मराठी मला कळते. माझी तुला कळते का बघू."

"कळते ना जी," सुखदा म्हणाली, आणि त्या शहरात आल्यापासून इतक्या सहजपणे आपण कुणाशी बोललो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं.

रोपं लागली. सुखदाने ओळी पाडून घेतल्या. एका ओळीच्या काठ्यांना लाल दोरा, पुढच्या ओळीच्या काठ्यांना पांढरा. लाल दोऱ्याच्या ओळींवर अर्काचं पाणी फवारायचं आणि पांढऱ्या दोऱ्याच्या ओळींवर नुसतं पाणी. दर आठवड्याला मेट्रोने, मग बसने ती यायची, संध्याकाळी ऊन उतरलं की पाच लिटरच्या फवारणी पंपाने फवारायची. फुलांचे गुच्छ मोजायची, किती टिकले, किती गळले ते फोनमध्ये भरायची. अर्काचा डबा जड, तो दर वेळी कोण वाहणार, म्हणून तो अक्कांच्या पडवीत ठेवलेला असायचा, आणि त्यातला अर्क झाकणाने मोजून अक्काच तिच्या पंपात ओतून द्यायच्या.

"अक्का, या ओळींना हात नका लावू हं," ती जाताना बजावायची. "पाणी ठिबकने जातंय तेवढं जाऊ द्या. बाकी काही करायचं नाही."

"सरी सरी," अक्का म्हणायच्या. म्हणजे बरं बरं.

त्या वर्षी मार्चमध्येच शहरात पाण्यासाठी हाहाकार उडाला. बनशंकरीत सुखदाच्या सोसायटीत टँकरची वाट बघत बादल्या लागायच्या. बंगळूरच्या लोकांना न झेपणारं ऊन पडायला लागलं, आणि सुखदा मनातल्या मनात खूश होती. नागपूरच्या पोरीला हे ऊन म्हणजे काहीच नव्हतं, पण टोमॅटोला ते पुरेसं होतं. एवढ्या उन्हात टोमॅटोचं फूल धरत नाही. देठ पिवळा पडतो आणि फूल खाली येतं. आता लाल ओळी आणि पांढऱ्या ओळी यांतला फरक दिसायलाच हवा होता.

फरक दिसला नाही. लाल ओळींतली फुलं बऱ्यापैकी टिकली होती, आणि पांढऱ्या ओळींतलीही तितकीच टिकली होती. सुखदाने पुन्हा मोजलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा. आकडे तसेच. शेवटी तिने ते चंदना मॅडमपुढे ठेवले.

मॅडमनी स्क्रीनवरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. रागावल्या नाहीत. तेच सुखदाला जास्त लागलं.

"म्हणजे नुसत्या पाण्याने जेवढं होतं, तेवढंच आपल्या अर्काने होतं," त्या म्हणाल्या. "मग शेतकऱ्याने तो का घ्यावा? चाचणी बंद करू या. तू जाऊन सामान घेऊन ये."

सुखदा दुसऱ्या दिवशी सामान आणायला गेली. रस्ताभर तिला वाटत होतं की आपण मोजण्यात कुठेतरी चुकलो, किंवा आपल्यालाच हे काम येत नाही. मळ्यात शिरल्यावर ती सरळ पडवीत गेली आणि अर्काचा डबा उचलला. जड म्हणून जोर लावला होता, तर डबा भसकन वर आला. आत तळाशी थोडासाच उरला होता.

"अक्का, डबा सांडला का?"

अक्का अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. "सांडेल कशाला? मी दिलं ना ते."

"कुणाला दिलं?"

"कुणाला म्हणजे? त्या पांढऱ्या दोऱ्याच्या ओळींना."

सुखदाने डबा खाली ठेवला.

"तू फवारून जातेस ना," अक्का सांगू लागल्या, अगदी समाधानाने, "तर दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी मी राहिलेल्या ओळींना देते. तुझ्याच मापाने हं, झाकणाने मोजून. काय तोंडं झाली होती गं त्यांची पहिल्या उन्हात! शेजारच्या ओळीला औषध आणि यांना नुसतं पाणी? पंगतीत एकाच्या पानात तूप नि दुसऱ्याच्या पानात कोरडा भात, असला पंक्तिप्रपंच मी नाही बघू शकत. एवढी वर्षं वॉर्डात काढली. एका खाटेला गोळी आणि दुसऱ्या खाटेला नाही, असं कधी केलं नाही."

"अक्का!" सुखदाचा आवाज चढला. "हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी! दर वेळी सांगत होते! सगळी चाचणी वाया घालवली तुम्ही. तिकडे मॅडमनी काम बंद केलं, आमचं औषध निकामी ठरलं, आणि तुम्ही इथं... असं कसं केलं जी!"

हातातली शेंग अक्कांनी हळूच परातीत ठेवली. सुखदाने दोरे सोडायचेही कष्ट घेतले नाहीत. पंप घेतला, जवळजवळ रिकामा डबा घेतला आणि बस पकडली.

घरी येऊन तिने शार्दूलला सगळं सांगितलं. तो आधी हसायलाच लागला. तिचा चेहरा बघून थांबला.

"सॉरी. पण मला एक सांग, एका ओळीला औषध आणि एका ओळीला पाणी हे कशासाठी, ते त्यांना माहीत होतं का?"

"हात लावू नका म्हटलं होतं मी."

"ते झालं. पण का लावू नका?"

सुखदाने खरंच कधी सांगितलं नव्हतं. अक्कांच्या हातचं जेवली होती, त्यांच्या मळ्यात तासन् तास वाकून फुलं मोजली होती, पण आपण काय करतोय हे त्यांना सांगावं असं तिला सुचलंही नव्हतं. जमीन त्यांची, झाडं त्यांची, आणि त्यांना सांगितलं काय, तर हात लावू नका.

सकाळी ती प्रयोगशाळेत गेली आणि झालेलं जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. चंदना मॅडमनी डोक्याला हात लावला. मग त्याही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे औषध निकामी ठरलं नाही," हसू आवरून त्या म्हणाल्या. "ठरलं एवढंच, की आपल्याला अजून काही माहीत नाही."

"पुन्हा करू या मॅडम."

"कधी? उन्हाळा किती उरलाय? आज लावलेली रोपं फुलावर येईपर्यंत ढग येतील. ताणच नसेल तर तपासणार काय? आत्ता कळ्या धरत असलेली झाडं मिळाली तर बघ, नाहीतर पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष सुखदाला फार लांब वाटलं. शनिवारी ती पुन्हा मळ्यात गेली. काही मागायला नाही, माफी मागायला. अक्का फणसाखालच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तिला बघितलं आणि सरकून जागा करून दिली.

"मी तुमच्यावर ओरडायला नको होतं," सुखदा म्हणाली.

"पर्वागिल्ला," अक्का म्हणाल्या, म्हणजे जाऊ दे. "पण मला ते समजावून सांग. तू गेल्यापासून मी विचार करतेय. एवढी शिकलेली पोरगी, मुद्दाम कुणाला उपाशी ठेवेल असं वाटत नाही."

मग सुखदाने सांगितलं. सगळ्याच झाडांना अर्क दिला आणि सगळी तगली, तर ती अर्काने तगली की या मळ्याची मातीच चांगली म्हणून, हे कसं कळणार? शेजारी तेच ऊन, तीच माती, तेवढंच पाणी असलेली ओळ हवी, आणि तिला अर्क तेवढा नसावा. दोन्हींतली टिकलेली फुलं मोजली की अर्काचं खरं-खोटं कळतं. ते न करता डबे विकले, तर ती शेतकऱ्याची फसवणूक.

अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग ज्यांना नुसतं पाणी, त्यांचं काय होतं?"

सुखदाने आडपडदा ठेवला नाही. "अर्क खरंच चांगला असेल, तर त्यांची फुलं जास्त गळतील."

"आणि आपण बघत बसायचं."

"हो. पण मोजून झालं, की त्याच संध्याकाळी त्यांनाही द्यायचं. झाड मरत नाही अक्का, पुढचे गुच्छ येतात त्याला."

"कोण देईल?"

"तुम्हीच द्या."

अक्का उठल्या आणि घराच्या मागच्या बाजूला चालू लागल्या. सुखदा मागोमाग गेली. मागे दुसरा तुकडा होता. त्यातही टोमॅटोच, उशिरा लावलेले, अक्कांनी स्वतःसाठी केलेले. झाडं गुडघ्यापर्यंत आली होती आणि शेंड्यांना नुकत्या कळ्या धरत होत्या.

"यांना मी अजून काही दिलेलं नाही," अक्का म्हणाल्या. "शेणखत तेवढं, सगळ्यांना सारखं. चालतील का?"

सुखदाने वाकून एक शेंडा हातात घेऊन बघितला आणि नुसती मान हलवली.

"पण एक," अक्का म्हणाल्या. "पाण्याच्या ओळींना पाणी मीच फवारणार. माझ्या हातानं. मी कमी देणार असेन तर ते त्यांना तोंडावर सांगून देईन."

पुन्हा दोरे बांधले, या वेळी दोघींनी मिळून. लाल कुठे आणि पांढरा कुठे हे ठरवायला सुखदाने चिठ्ठ्या केल्या, अक्कांनी त्या उचलल्या. "नशीब ज्याचं त्याचं," असं म्हणत प्रत्येक चिठ्ठी त्यांनी उघडली. संध्याकाळी सुखदा लाल ओळींतून अर्क फवारत गेली आणि अक्का पांढऱ्या ओळींतून पाणी. त्या झाडांशी काहीतरी कन्नडमध्ये बोलत होत्या. सुखदाला त्यातलं 'स्वल्प' तेवढं कळलं. थोडंसं, थोडंसं थांबा, असं काही असावं.

एप्रिलचा शेवट आला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. एका दुपारी प्रयोगशाळेत सुखदाचा फोन वाजला. अक्का होत्या.

"पुट्टी, पोरी, खाली फुलांचा सडा पडलाय गं. पांढऱ्यांच्या. पानं द्रोणासारखी वळलीत."

सुखदाला आठवलं, नवा डबा पडवीतच होता.

"अक्का... दिलंत का काही?"

"नाही दिलं. म्हणून तर फोन केला. हात शिवशिवतात माझे. कुणाशी तरी बोलत बसलं की ती वेळ जाते."

सुखदाने खुर्ची ओढून घेतली. "बोला ना जी. काय केलं आज जेवायला?"

मग रोज दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तो फोन येऊ लागला. अक्का वॉर्डातल्या गोष्टी सांगायच्या. एक म्हातारा रोज औषध उशीखाली लपवायचा आणि दुसऱ्या खाटेवरचा रोज चुगली करायचा, त्या दोघांची शेवटी कशी दोस्ती झाली ते. सुखदा नागपूरच्या उन्हाळ्याचं सांगायची, कूलरपुढच्या जागेवरून भावंडांत होणाऱ्या मारामाऱ्यांचं. चंदना मॅडम आधी घड्याळाकडे बघायच्या. मग काय चाललंय ते कळल्यावर त्यांनीच एकदा खूण करून विचारलं, "अक्का?" आणि पंखा सुखदाच्या दिशेने वळवून दिला.

मोजणीच्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. मुद्दाम कोणता दोरा कुठे हे न बघता, दुसऱ्या बाजूने सुरुवात करून, त्यांनी प्रत्येक झाडाचे गुच्छ मोजले. सुखदा आकडे फोनमध्ये भरत गेली. अक्का घराच्या पायरीवर बसून होत्या. परीक्षेला बसवलेल्या पोराच्या आईसारखं त्यांचं तोंड झालं होतं.

चमत्कार काही झाला नव्हता. लाल ओळींतलीही फुलं गळली होती, ऊनच तसं होतं. पण पांढऱ्या ओळींत जेवढी गळली, त्यापेक्षा इथे बरीच कमी, आणि सगळ्या लाल ओळींत तसंच. एखाद्या ओळीचं नशीब म्हणून सोडून द्यावं, असा तो फरक नव्हता. चंदना मॅडमनी आकड्यांवरून दोनदा नजर फिरवली आणि फोन सुखदाला परत दिला.

"चालतं आपलं औषध," त्या म्हणाल्या. "थोडं चालतं. पण खरंच चालतं."

"थोडं म्हणजे चांगलंच की," अक्का पायरीवरून म्हणाल्या. "दवाखान्यात तरी दुसरं काय असतं? आता मी देऊ का यांना?"

"द्या," सुखदा म्हणाली.

त्या संध्याकाळी अक्कांनी कुणालाच पंपाला हात लावू दिला नाही. झाकणाने माप घेतलं, पाणी घातलं, आणि पांढऱ्या दोऱ्याच्या प्रत्येक ओळीतून सावकाश फिरल्या. पानांच्या वरून, मग पंपाची नळी वाकडी करून पानांच्या खालून. समुद्राचा खारट वास सगळ्या तुकड्यात भरला. सुखदा आणि मॅडम बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

"पुढच्या हंगामात घेवड्यावर घ्यायची आहे चाचणी," चंदना मॅडम म्हणाल्या, कन्नडमध्ये, अक्कांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "जागा द्याल का?"

"देईन. पण ओळी कशा पाडायच्या ते आधी माझ्याबरोबर बसून ठरवायचं. नंतर सांगायचं नाही."

"नाही सांगणार," मॅडम म्हणाल्या. सुखदासाठी हे मराठीत अक्कांनीच सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या अटीचं कौतुकही करून घेतलं.

मे संपत आला तेव्हा सुखदा एका रविवारी शार्दूललाही घेऊन गेली. तोपर्यंत हवा निवली होती. पांढऱ्या ओळींच्या शेंड्यांना नवे गुच्छ आले होते आणि त्यांतली बरीचशी फुलं धरली होती. लाल ओळींतले टोमॅटो तर पिकायलाही लागले होते. अक्कांनी शार्दूलला आधी नखशिखांत न्याहाळलं, मग टोपली त्याच्या हातात दिली.

"देठासकट खुडायचं. ओढायचं नाही. कॉम्प्युटरवाल्यांना जमतं का बघू."

शार्दूल वाकून खुडू लागला. थोड्या वेळाने पाठ धरून उभा राहिला, एक टोमॅटो शर्टाला पुसून तसाच खाल्ला, आणि काही न बोलता दुसरा खुडला. घरातून नाचणीच्या गोळ्यांचा, म्हणजे मुद्देचा, आणि पालेभाजीच्या पातळ सारूचा वास येत होता. अक्का पडवीतून ओरडल्या, "आधी ऊटा, मग काम! पानं वाढलीत!" शार्दूलने सुखदाकडे बघितलं.

"जेवायला बोलावतायत," सुखदा म्हणाली. तिने हातातले टोमॅटो टोपलीत ठेवले, आणि दोघं हात धुवायला ठिबकच्या नळाकडे गेले.